मॅडम म्हणतात, हे तू लिहिलेलं नाहीस

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी मुलगी बडोद्याची, वय तेवीस, समाजशास्त्रात एम. ए. करते आहे, शेवटचं सत्र. घरी मराठी, बारावीपर्यंत गुजराती माध्यम, आणि आता लघुप्रबंध इंग्रजीत लिहायचा आहे. विषय आहे जुन्या शहरात घरबसल्या पापड लाटणाऱ्या बायकांची कमाई. चोवीस बायकांशी बोलून तिनं दोन वह्या भरल्या. लिहायला बसली तेव्हा मात्र इंग्रजी सुचेना. म्हणून नोंदी मराठीतच चॅटबॉटला दिल्या, प्रकरणं इंग्रजीत करून घेतली, संदर्भसूचीही त्याच्याकडूनच घेतली. गाइड मॅडमनी मसुदा सॉफ्टवेअरमधून काढला. सिमिलॅरिटी, म्हणजे इतरांच्या मजकुराशी साम्य, 4 टक्के, पण ‘एआयनं लिहिलेलं’ या रकान्यात 71 टक्के. मॅडम म्हणाल्या, “हे तू लिहिलेलं नाहीस.” शिवाय सहा रेफरन्स काढून दाखवायला सांगितले, त्यातले तीन तिला कुठेच सापडत नाहीत. ती लिहिते, “मी चोरी केलेली नाही. काम सगळं माझं आहे, फक्त भाषा सुधारून घेतली. वर्गात सगळेच हे करतात. आता मॅडमना सांगून टाकू, की भाषा ‘माणसासारखी’ करून देणारं दुसरं सॉफ्टवेअर मिळतं त्यातून काढून पुन्हा देऊ? सबमिशनला अठरा दिवस उरलेत.”

---

माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून ‘तू’ म्हणते.

पत्रासोबत दोन कागद जोडलेस, हे फार बरं केलंस. एक तुझ्या वहीच्या पानाचा फोटो, दुसरा त्याच मुलाखतीवर चॅटबॉटनं करून दिलेला इंग्रजी परिच्छेद. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथेच मिळालं.

वहीत तू लिहिलं आहेस: “स्वयंपाकघरात खिळ्याला कॅलेंडर. पुढच्या बाजूला दुधाचे खाडे. मागच्या बाजूला पेन्सिलीच्या रेघा, एक रेघ म्हणजे एक किलो पापड. मी बसले होते तेव्हा सासूबाई आत आल्या, तर बोलता बोलता काकूंनी कॅलेंडर फिरवलं. दुधाची बाजू वर.”

आणि इंग्रजी परिच्छेदाचा अर्थ मराठीत सांगायचा तर असा होतो: सहभागी महिला उत्पादनाच्या अनौपचारिक नोंदी ठेवतात, त्यातून त्यांची वाढती आर्थिक साक्षरता आणि सक्षमीकरण दिसून येतं.

तू म्हणतेस, हे इंग्रजी वाचून तुला स्वतःचाच अभिमान वाटला. मला मात्र ते वाचून रुखरुख लागली. सासूबाई कुठे गेल्या? कॅलेंडर फिरवणारा हात कुठे गेला? बाई हिशेब ठेवते हे कुणीही सांगेल. ती तो हिशेब घरातल्यांपासून झाकून ठेवते आणि कुणी आलं की सहज हातानं कॅलेंडर उलटं करते, हे तू पाहिलंस. त्या स्वयंपाकघरात बसली होतीस म्हणून पाहिलंस. जी बाई स्वतःच्या कमाईच्या रेघा भिंतीकडे तोंड करून टांगते, तिच्याबद्दल ‘सक्षमीकरण’ लिहिणं म्हणजे तुझ्याच निरीक्षणाच्या उलट लिहिणं झालं. आणि ते तुझ्या नावावर छापलं जाणार आहे.

म्हणून ‘फक्त भाषा सुधारून घेतली’ या तुझ्या वाक्याशी मला जरा थांबायचं आहे. तू हे मनापासून लिहिलंस, त्यात खोट नाही. पण भाषा म्हणजे वरून चढवायचा कपडा आणि आतला माणूस तोच, अशी तुझी समजूत दिसते. इथे तसं झालेलं नाही. चॅटबॉट प्रचंड मजकुरावर तयार केलेला असतो, आणि कुठल्या शब्दापुढे कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, या हिशेबानं वाक्य पुढे नेतो. घरून काम करणाऱ्या बायका म्हटलं की हजारो अहवालांत पुढचा शब्द ‘सक्षमीकरण’ असतो, म्हणून तो इथेही आला. नेहमीचं असेल ते त्याला उत्तम लिहिता येतं. तुझं कॅलेंडर नेहमीचं नव्हतं, म्हणून ते गळलं. लबाडी त्यानं केली नाही. तू वाचून ते पकडायला हवं होतंस, आणि सफाईदार इंग्रजीला दबून तू पकडलं नाहीस.

आता त्या इंग्रजीबद्दल. या वाटेला तू आळसानं गेलेली नाहीस, हे मला पत्राच्या पहिल्या चार ओळींतच कळलं. मी अठ्ठावीस वर्षं कॉलेजात शिकवलं. तास संपल्यावर दाराशी घुटमळणारी मुलं मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडची मराठी घरांतली मुलं, खेड्यातून एसटीनं येणारी गुजराती मुलं. वर्गात ‘समजलं का’ विचारलं की सगळे माना हलवायचे, आणि बाहेर आल्यावर एखादी हळूच विचारायची, “मॅडम, हायपोथिसिस म्हणजे नक्की काय हो?” जी विचारायची ती पुढे जायची. ज्या विचारत नव्हत्या त्यांचं काय झालं, याची मला आजही टोचणी आहे.

अशा मुलीच्या हातात चॅटबॉट येणं ही माझ्या मते मोठी गोष्ट आहे, आणि त्याला सरसकट नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. रात्री अकराला ‘सॅम्पलिंग म्हणजे काय’ हे मराठीत सात वेळा विचारता येतं, आणि सातव्यांदाही समोरून कपाळाला आठी पडत नाही. अवघड इंग्रजी लेखातला एक परिच्छेद टाकून ‘मला मराठीत, घरातलं उदाहरण देऊन सांग’ म्हणता येतं. हे सुख आमच्या पिढीला नव्हतं. याच शहरात 1890 मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, तेव्हा रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की धंद्याचं आणि यंत्रांचं शिक्षण लोकांना त्यांच्या भाषेत मिळावं. पुढे अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डनना बोलावून महाराजांनी ग्रंथालयांचं जाळं उभारलं, लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव पाठवली. ज्ञान माणसाच्या दारी, त्याला कळेल अशा भाषेत न्यायचं, ही या गावाची जुनी ओढ आहे. त्या ओढीनं पाहिलं तर तुझ्या फोनमधल्या चॅटबॉटला मी शत्रू मानू शकत नाही. फक्त त्या पेटीतलं पुस्तक वाचून माणूस आपलं मत आपल्या तोंडानं सांगायचा. तू चॅटबॉटला विचारण्याऐवजी त्यालाच तुझ्या वतीनं बोलायला बसवलंस.

71 टक्क्यांकडे येते. हा आकडा म्हणजे पुरावा नव्हे, हे तुझ्या मॅडमनीही लक्षात घ्यायला हवं. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआय कंपनीनं स्वतः जानेवारी 2023 मध्ये असं ओळखण्याचं साधन काढलं होतं. कंपनीच्याच चाचणीत यंत्रानं लिहिलेला मजकूर त्याला 26 टक्के वेळाच ओळखता आला, आणि माणसानं लिहिलेल्या 9 टक्के मजकुरावर त्यानं उगाच आळ घेतला. जुलैमध्ये कंपनीनं ते बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले 91 निबंध त्यांना दिले, तर सरासरी 61 टक्के निबंध यंत्राचे ठरवले गेले. कारण सरळ आहे. परकी भाषा लिहिताना आपण ठरावीक शब्द आणि सोपी रचना वापरतो, आणि ही साधनं नेमकं तेच संशयास्पद मानतात. म्हणजे तुझ्यासारख्या मुलीनं सगळं स्वतः लिहिलं असतं तरी हा आकडा वर जाऊ शकला असता. ज्यांनी खरोखर स्वतः लिहिलं आणि तरी आळ आला, अशा वाचकांना माझं सांगणं: कच्चे मसुदे फेकू नका, गुगल डॉक्समध्ये लिहिलंत तर त्यात आधीच्या आवृत्त्या राहतात, त्या उघडून गाइडसमोर ठेवा.

तुझ्या बाबतीत मात्र आकडा खरा निघाला आहे. तेव्हा या साधनांच्या चुकांचा आधार तू घेऊ नकोस.

सिमिलॅरिटी 4 टक्के आहे, मग बिघडलं कुठे, असंही तुझ्या पत्रात आहे. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, उचलेगिरीचे नियम 2018 चे आहेत. 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, त्यापुढे टप्प्याटप्प्यानं कारवाई, 60 च्या वर थेट नोंदणी रद्द. पण तो अहवाल एवढंच सांगतो की हा मजकूर दुसऱ्या कुणाच्या मजकुराशी किती जुळतो. चॅटबॉट दर वेळी नवी वाक्यं जुळवतो, म्हणून जुळणी कमीच येणार. कुणाची नक्कल केली नाहीस, हे 4 टक्क्यांवरून कळलं. कुणी लिहिलं, हे त्यावरून कळत नाही. चॅटबॉटबद्दल तुमच्या विभागाचा लेखी नियम काय आहे ते ऑफिसात जाऊन विचार. वर्गातल्या मैत्रिणी सांगतात त्यावर विसंबू नकोस.

तीन रेफरन्स सापडत नाहीत, कारण बहुधा ते नाहीतच. संदर्भ कसा दिसतो हे चॅटबॉटला ठाऊक असतं: आडनाव, कंसात वर्ष, नियतकालिकाचं नाव, पानं. त्या साच्यात तो शब्द भरतो. 2023 मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले खटल्यांचे दाखले कोर्टात सादर केले, ते खटले कधी झालेच नव्हते, आणि न्यायाधीशांनी 5000 डॉलरचा दंड केला. वर्षानुवर्षं वकिली केलेली माणसं फसली, तू तर पहिल्यांदाच प्रबंध लिहिते आहेस. पण उरलेले तीन सापडले म्हणून ते बरोबर आहेत असंही समजू नकोस. प्रत्येक उघडून पाहा, तुझ्या वाक्यात जे म्हटलंय ते त्यात खरंच आहे का. नसेल तर काढून टाक. खरा आधार तुझ्या विषयाला हवा तेवढा आहे, आणि तोही जवळच. इला भट्ट यांनी 1972 मध्ये अहमदाबादेत ‘सेवा’ ही कष्टकरी बायकांची संघटना सुरू केली, घरून काम करणाऱ्या बायकांबद्दल त्या संस्थेनं कितीतरी लिहून ठेवलं आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1996 चा 177 क्रमांकाचा करार घरून केल्या जाणाऱ्या कामाबद्दलच आहे. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, ते चालवणारं इन्फ्लिबनेट केंद्र आपल्या गांधीनगरात आहे. आणि विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत एक अख्खा दिवस घालव.

आता एक गोष्ट, जी तू विचारलेलीच नाहीस, पण मला तीच सगळ्यात जास्त लागली. मुलाखतींच्या नोंदी तू जशाच्या तशा चॅटबॉटला दिल्यास. त्यात बायकांची नावं होती? गल्लीचं नाव? महिन्याची कमाई? त्या काकूंनी ज्या रेघा घरच्या माणसांना दाखवल्या नाहीत, त्या तुला दाखवल्या, विश्वासानं. त्या तू एका कंपनीच्या संगणकावर नेऊन ठेवल्यास. त्या गप्पा आज ना उद्या कुणी वाचेल असं म्हणून मला तुला घाबरवायचं नाही. पण ते ठरवायचा हक्क त्यांचा होता, आणि त्यांना कुणी विचारलं नाही. आजच त्या सगळ्या गप्पा तुझ्या खात्यातून पुसून टाक. बहुतेक चॅटबॉटच्या सेटिंगमध्ये ‘माझा मजकूर प्रशिक्षणासाठी वापरू नका’ असा पर्याय असतो, तो लाव. पुढे कधी नोंदीतलं काही विचारायची वेळ आली तर आधी नाव, गल्ली, रक्कम काढून टाक. मुलाखती, रुग्णांच्या फायली, शाळेतल्या मुलांच्या वह्या अशांवर काम करणाऱ्या सगळ्याच विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावं. गाइड लोकांनीही पहिल्याच भेटीत हे सांगायला हवं. हल्ली सांगत नाहीत.

‘सगळेच करतात’ हे खरं असेलही. त्यावर तुला एक प्रयोग सांगते, तुर्कस्तानातला. जवळजवळ हजार शाळकरी मुलं, विषय गणित. काहींना सरावाच्या वेळी साधा चॅटबॉट दिला, काहींना असा की जो उत्तर न देता पुढचा धागा तेवढा दाखवेल, आणि काहींना काहीच नाही. साधा चॅटबॉट मिळालेल्यांचा सराव 48 टक्के चांगला झाला. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांच्याकडे तो कधीच नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुलं 17 टक्के मागे पडली. धागा दाखवणारा चॅटबॉट ज्यांना होता, त्यांचं हे नुकसान बहुतांशी टळलं. मुलं शाळेतली होती, विषय वेगळा होता, पण मला त्यात तुझा व्हायवाचा, तोंडी परीक्षेचा, दिवस दिसतो. बाहेरचे परीक्षक विचारतील, “या पानावर सक्षमीकरण म्हणालात, कशावरून?” आणि तुझ्याजवळ कॅलेंडर असेल, पण ते प्रबंधात नसेल.

तेव्हा ‘माणसासारखी भाषा’ करून देणारं सॉफ्टवेअर मनातून काढून टाक. आत्तापर्यंत तुझी चूक अजाणतेपणी झालेली आहे. ते केलंस तर जाणूनबुजून फसवणूक होईल, आणि मजकूर कॅलेंडरपासून आणखी एक पायरी लांब जाईल.

मॅडमकडे सोमवारीच जा. बोलावणं यायची वाट पाहू नकोस. दोन्ही वह्या सोबत ने आणि टेबलावर ठेव. “कबूल करते” अशी सुरुवात नको, तू काही आरोपी नाहीस. सरळ सांग: “मॅडम, मुलाखती माझ्या आहेत, या वह्या. इंग्रजी जमेना म्हणून प्रकरणं चॅटबॉटकडून लिहून घेतली. तीन रेफरन्स खोटे निघालेत. मला पुन्हा लिहायचं आहे, दोन आठवडे मिळतील का, आणि इंग्रजी साधं असलं तर चालेल का?” शेवटचा प्रश्न विचारायला कचरू नकोस. मला वाटतं, बहुतेक गाइड साध्या, चुकत-माकत लिहिलेल्या खऱ्या इंग्रजीवर खूश होतात. त्या रागावतील, कदाचित सबमिशन पुढच्या तारखेवर जाईल. तेवढी तयारी ठेव. घरी आईवडिलांनाही आधी सांगून ठेव, बाहेरून कळण्यापेक्षा ते बरं.

मग लिहायला बस. पहिले दोन दिवस फोन दुसऱ्या खोलीत ठेवून नुसत्या वह्या वाच. ज्या गोष्टीनं तुला मुलाखत घेताना चमकायला झालं होतं, तिच्या शेजारी खूण कर. चोवीस बायकांत अशा आठ-दहा खुणा निघाल्या तरी प्रबंध उभा राहतो. त्यांवर आधी मराठीत लिही, घरात सांगशील तसं. मग तेच तुझ्या येईल त्या इंग्रजीत. वाक्यं छोटी ठेव. ‘शी टर्न्ड द कॅलेंडर’ एवढं इंग्रजी तुला नक्की येतं, आणि तुझ्या सगळ्या प्रबंधातलं सगळ्यात वजनदार वाक्य तेच असेल.

त्यानंतर चॅटबॉट उघड. त्याला सांग, “या परिच्छेदातल्या व्याकरणाच्या चुका दाखव, का चुकलं ते मराठीत सांग, परिच्छेद पुन्हा लिहू नकोस.” दुरुस्ती तुझ्या हातानं कर. आठवडाभरात तुझ्या त्याच त्याच चार चुका तुलाच कळू लागतील. मग म्हण, “तू कडक परीक्षक आहेस, या प्रकरणावर मला पाच प्रश्न विचार.” त्यांची उत्तरं तोंडी दे, आरशासमोर दे हवी तर. इथे हे यंत्र खरोखर कामाचं आहे, थकत नाही आणि भीड ठेवत नाही. आणि प्रस्तावनेत दोन ओळी घाल: व्याकरण तपासायला आणि इंग्रजी लेख समजून घ्यायला अमुक चॅटबॉट वापरला, मुलाखती, विश्लेषण आणि लेखन माझं. हे लिहिण्यात कमीपणा नाही.

हे वाचणाऱ्या प्राध्यापक मित्रांना एक विनंती. तुमच्याकडे वीस-वीस मुलं असतात, हे मला माहीत आहे. तरीही आकडा बघून “हे तू लिहिलेलं नाहीस” म्हणण्याआधी दहा मिनिटं मुलीला समोर बसवा आणि विचारा, कुणाच्या घरी गेली होतीस, तिथे काय पाहिलंस. तिनं काम केलं आहे की नाही, हे पाचव्या मिनिटाला कळतं.

मॅडम काय म्हणाल्या ते मला कळव. आणि एक काम कर. त्या काकूंकडे पुन्हा एकदा जा. हिशेब सासूबाईंपासून लपवायचा असतो म्हणून त्यांनी कॅलेंडर फिरवलं, हे मी वर अगदी ठामपणे लिहून गेले. तुझ्या वहीत तसं कारण कुठेच नाही, ते मी गृहीत धरलं. त्यांनाच विचार.